गोल टेबलावरचा गडवा

भूषणचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. "कल्पना, मिलिंद गेला वं," तो म्हणाला. त्याच्या मागे दवाखान्यातली कुणाची तरी घाई ऐकू येत होती. त्यावर मी काय बोलले असेन? म्हणाले, "अरे, पण रविवारी डाव आहे ना आपला!" एरवी अशा वाक्यावर भूषणनं वर्षभर माझी टर उडवली असती. त्या दिवशी तो नुसता "हो ना वं," म्हणाला. बडनेऱ्याहून मिळेल ती गाडी पकडून मी अकोल्याला पोचले. जठारपेठेतल्या त्या घरी मी तीन वर्षं एका रविवाराआड जात होते, आणि दरवेळी मी दारात पाय ठेवायच्या आतच मिलिंद ओरडायचा, "आली का तिवस्याची सरदारीण? घोडा बाहेर बांधा, चपला काढा अन् या." त्या दिवशी दारात चपलाच चपला होत्या, आणि आतून बुद्धवंदनेचे सूर येत होते.

डाव म्हणजे काय, सरदारीण कोण, हे आधी सांगायला हवं. नाहीतर कॉलेजात शिकवणारी ही बाई सुट्टीच्या दिवशी अकोल्याला पत्ते कुटायला जाते, असा जो माझ्या शेजाऱ्यांचा समज आहे तोच तुमचाही होईल. चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात. एक सूत्रधार असतो. तो सांगतो, समोर नदी आहे, पलीकडे दिवा दिसतो. बाकीच्यांनी एकेक पात्र घेतलेलं असतं, त्यांनी सांगायचं की आम्ही काय करतो. जमेल की नाही अशी शंका आली की फासे टाकायचे. ना पडदा, ना पोशाख, ना प्रेक्षक. माझ्या आईला मी हे एकदा समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हंजे बसल्या जागी दंडार." दंडार म्हणजे आमच्याकडचं खेड्यातलं लोकनाट्य. मिलिंदला ही व्याख्या इतकी आवडली, की तो पुढे सगळ्यांना हेच सांगायचा.

अमरावतीला आम्ही कॉलेजात होतो तेव्हा हा खेळ त्यानंच आणला. हैदराबादच्या एका मावसभावाकडून नियमांच्या झेरॉक्स प्रती आल्या होत्या, निम्मी पानं पुसट. जे वाचता यायचं नाही ते मिलिंद स्वतः रचायचा. मी, भूषण, आसिफ आणि तो, असे आम्ही चौघं. पुढे भूषण वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसला, आसिफ अकोल्यातच शाळेत चित्रकला शिकवू लागला, मी अमरावतीला राहिले, आणि मिलिंद गावोगावच्या पाणीपुरवठ्याच्या कामांवर इंजिनिअर झाला. लग्नं, बदल्या, आजारपणं. खेळ सुटला तो कितीतरी वर्षं. तो पुन्हा सुरू झाला त्याचं कारण आनंदाचं नव्हतं. मिलिंदच्या किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिसवर पडून राहायची वेळ आली, आणि एके दिवशी त्याचा तिघांनाही फोन आला, "मी आर्थर राजाले वऱ्हाडात आणून राहिलो. तुमी कोण होता ते ठरवा."

त्याचं मूळ गाव पूर्णा नदीच्या काठचं, खारपाणपट्ट्यातलं. कुठेही खणा, पाणी खारटच लागतं, डाळ शिजत नाही की साबणाला फेस येत नाही. त्याच्या आजीच्या वेळी गावात एकच गोडी विहीर होती आणि ती अर्थातच त्यांच्या वस्तीसाठी नव्हती. आजी घागर घेऊन दूर उभी राहायची, कुणी वरून ओतलं तर ओतलं. आजी म्हणायची, ओतणारे सगळेच काही वाईट नव्हते, काही बाया घागर काठोकाठ भरून द्यायच्या. पण उन्हात उभी आहेस, तुला तहान लागली का, एवढं कुणी कधी विचारलं नाही. आमची शेती तिवस्याकडची. आमच्याही गावात विहिरी होत्या आणि ओतणारे हात आमच्या घरचे होते. हे मिलिंदला माहीत होतं, आणि त्याला माहीत आहे हे मला माहीत होतं. त्यावर आम्ही कधी भाषणं केली नाहीत. त्याच्या किडन्या त्या पाण्यानं गेल्या का, हे नक्की कुणी सांगितलं नाही. त्यानंही ते कधी ठामपणे म्हटलं नाही. पाण्याचा माणूस होता, पुराव्याशिवाय बोलायचा नाही.

तर आर्थर राजा. मला आधी हसू आलं. इंग्लंडातला तो धुक्यातला राजा, त्याचे चिलखती सरदार, दगडात रुतलेली तलवार, आणि जमीन उजाड झाली म्हणून ते सगळे ज्या पवित्र पात्राच्या शोधात निघतात ते पात्र... हे बेचाळीस डिग्रीत काय करणार? पण मिलिंदनं आखणी सुरू केली ती धरणाची करावी तशी. डाव्या हातात सुया टोचलेल्या असायच्या, उजव्या हातानं तो नकाशे काढायचा. राजाचा दरबार नरनाळ्याच्या किल्ल्यावर. तलवार वर्धा नदीच्या डोहातून वर येणार, कौंडण्यपूरला. आसिफ म्हणाला, तिथं आधीच रुक्मिणीचं माहेर आहे, यात्रेत तलवारीकडे कोण पाहणार? मिलिंद म्हणाला, "म्हणूनच तं. तलवार काढून घ्या अन् गर्दीत गायब होऊन दाखवा." सरदारांना 'सर' म्हणायचं की नाही यावर एक अख्खा रविवार गेला, कारण सर बंडू, सर नामदेव असं म्हटलं की शिक्षकांची बैठक चालल्यासारखं वाटायचं, आणि आसिफ तर खरोखरच सर होता. घोड्यांचाही असाच घोळ. मी म्हटलं, माझी सरदारीण आषाढात तिवस्याहून निघते. मिलिंद गंभीरपणे म्हणाला, "निघ. पण काळ्या मातीत घोडा पोटापर्यंत फसते. बैल घे." तेव्हापासून आमचे सगळे शूरवीर पावसाळ्यात छकड्यातून हिंडू लागले.

एका गोष्टीवर मात्र तो अडून बसला होता. मूळ कथेत तलवार फक्त खऱ्या वारसाच्या हातानंच निघते. मिलिंदला ते अजिबात मान्य नव्हतं. "जन्मावरून राजा? हे आपल्याकडं लय झालं. त्याच्यासाठी इंग्लंडाहून माणूस कायले आणाचा?" त्याच्या डावात तलवार कुणालाही निघणार होती, खरी परीक्षा पुढे. त्या कथेतली त्याला चोरावीशी वाटलेली वस्तू एकच, ती म्हणजे गोल टेबल. त्याला ना वरची बाजू, ना खालची. त्याच्या घरात गोल टेबल नव्हतं, तर भूषणनं कुठल्याशा साइटवरून केबल गुंडाळायचं भलंमोठं लाकडी ड्रम टेम्पोत घालून आणलं आणि आडवं टाकलं. रंधा मारला, पॉलिश केलं. आसिफनं कडेनं बारीक वेलबुट्टी काढली. देखणं झालं ते टेबल, फक्त ड्रमला मधोमध मोठं भोक असतं आणि पहिल्याच दिवशी फासे त्यात पडले. ते काढायला भूषण जमिनीवर आडवा झाला आणि आम्ही त्याचे पाय धरून हसलो. मग मिलिंदनं उशाचा पाण्याचा गडवा आणून त्या भोकावर ठेवला. तो बरोब्बर बसला.

त्या गडव्याबद्दल सांगायला हवं. किडनीच्या माणसाला पाणी मोजून मिळतं. मिलिंदची बायको रंजना रोज सकाळी तो पितळी गडवा भरायची आणि दिवसभराचं त्याचं सगळं पाणी तेवढंच. औषधाच्या गोळ्या त्यातूनच, चहा प्यायला की तेवढं पाणी गडव्यातून कमी. उन्हाळ्यात तो वेलची चघळायचा, लिंबाची फोड जिभेवर धरून बसायचा. बोलता बोलता त्याची जीभ टाळूला चिकटायची आणि वाक्य अर्धंच राहायचं. आम्ही पाण्याच्या बाटल्या पिशवीतच ठेवायचो. तो चिडायचा, "प्या ना लेकहो, तुमचं पाणी पाहून माही तहान वाढत नाई." वाढत असणारच. आपल्या डावातल्या त्या पवित्र पात्रासाठी त्यानं सोन्याचा प्याला बाद केला होता. त्याचे सरदार वऱ्हाडभर शोधत होते ते गोड्या पाण्याचा एक गडवा. मला हे फार दिवसांनी लक्षात आलं, आणि लक्षात आलं त्या दिवशी मला परतीच्या गाडीत रडू आवरलं नाही.

आजारी माणसाकडे आपल्याकडची माणसं कशी येतात ते तुम्हाला ठाऊक आहे. ती विचारत नाहीत, सांगतात. खुर्चीत टेकायच्या आत त्यांच्या मामाला, साडभावाला, शेजारच्या पाटलाला अगदी असंच झालेलं असतं आणि तो कुठल्यातरी काढ्यानं खडखडीत बरा झालेला असतो. मिलिंदकडे मक्याच्या केसांचा काढा आला, गोखरूचा आला, कुठून तरी मंतरलेलं पाणी आलं. ज्याला पाणी बंद आहे त्याला जो तो येऊन काहीतरी प्यायलाच सांगायचा. मिलिंद हात जोडून सगळ्यांना हो म्हणायचा. रंजनाचा आणि त्याचा रक्तगट जुळला नव्हता, त्याची आई थकलेली, म्हणून किडनीसाठी यादीत नाव लावलेलं. तेवढंच काय ते खरं होतं, बाकी सगळा पाहुण्यांचा उत्साह.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी दुपारी त्या आखणीतला मुख्य प्रसंग अखेर खेळायला निघाला. आमचे तीन सरदार पूर्णेच्या काठी एका उजाड गावात पोचले. मिलिंदनं आवाज खाली घेतला. "राजा बाजेवर पडून आहे. मांडीले जखम आहे, भरत नाई. त्याची जखम भरत नाई तोपर्यंत गावच्या विहिरी खाऱ्याच राहतीन. उशाशी गोड्या पाण्याचा गडवा आहे, पण त्याले पेता येत नाई. राजा तुमच्याकडं पाहते. काय करता?" आसिफच्या सरदारानं झुकून आदाब केला आणि अकोटकडच्या एका हकिमाचं नाव सांगितलं. मी जखमेवर हळद दाबली. आणि सर बंडू, म्हणजे आमचा भूषण, राजाच्या बाजेवर टेकून म्हणाला, "राजेसाहेब, आमच्या मामाले असंच झालं होतं..." पुढे त्यानं जो काढा सांगितला तो ऐकून मिलिंद छाती धरून हसला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. रंजना स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली, इतका हसला. मग त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "राजा म्हणते, बरं. जेवले का तुमी? झोपा आता." आम्ही झोपलो. "सकाळी उठले तं गाव रिकामं. बाज रिकामी. विहिरीवर बाभळीचे काटे टाकलेले."

भूषण उसळला. "हे काय बे? एवढं केलं आमी त्याच्यासाठी!"

"केलं. विचारलं नाई."

"काय विचाराचं होतं?"

"ते सांगतलं तं डावच संपला," मिलिंद म्हणाला आणि गडव्यातून एक घोट घेतला. घोट कसला, त्यानं जीभ ओली केली. "पुन्यांदा जा लागन त्याच्याकडं. पुढच्या बारीले पाहू."

आम्हाला वाटलं, हे कोडं आहे. व्हॉट्सअॅपवर आमच्या उत्तरांचा पाऊस पडला. भूषणनं राजाला विहिरीची खोली विचारली, मी तलवार कुणाची ते विचारलं, आसिफनं फार विचार करून वंशाबद्दल काहीतरी विचारलं. मिलिंद प्रत्येकावर नुसता अंगठा पाठवायचा. चिडून मी त्याला फोन केला, तर म्हणाला, "घाई नको करू वं. जवा यायचं तवा तोंडातून आपोआप येते." पुढची बारी मात्र लांबतच गेली. कधी त्याला ताप, कधी माझ्या परीक्षा. शेवटी रविवार ठरला आणि त्याच आठवड्यात त्याला मध्येच दम लागला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात पाणी झालं. स्मशानातून परतताना भूषण रस्त्यातच थांबला आणि म्हणाला, "सांग मले, ज्याले प्यायले पाणी नाई भेटलं तो पाण्यानं कसा काय गेला?"

मिलिंदच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला सगळे आले. चांगले बोलले, जेवले आणि जाताना रंजनाला एकेक गोष्ट सांगून गेले. पेन्शनचे कागद असे कर. मुलीला पुण्याला पाठवू नको. वरची खोली भाड्यानं दे. योगासनं कर. ती हात जोडून सगळ्यांना हो म्हणत होती, अगदी मिलिंदसारखंच. मला त्या सगळ्या माणसांचा संताप आला. शोक करायला आलेत की व्याख्यानाला, असं वाटलं.

गेल्या आठवड्यात रंजनाचा फोन आला की खोली मोकळी करायची आहे, ड्रम घेऊन जा. रविवारी आम्ही तिघं गेलो. भूषणनं टेम्पो सांगून ठेवला होता. टेबल जागेवर होतं, चार खुर्च्याही होत्या, आणि मधल्या भोकावर गडवा. काठोकाठ भरलेला. आसिफनं विचारलं, "वैनी, हा काहून भरला?" ती म्हणाली, "सकाळी उठलं की हात भरतेच." मग ती बसली. दुसरीकडे जागा नव्हती म्हणून मिलिंदच्या खुर्चीत बसली. तिनं हा खेळ कधी खेळला नव्हता. आम्ही आपापल्या नेहमीच्या जागी. भूषणनं घसा साफ केला आणि म्हणाला, "वैनी, ते पेन्शनचं मी एका माणसाले बोललो आहे..." आसिफ म्हणाला, मुलीच्या प्रवेशाचं मी बघतो. मी तोंड उघडलं, चार दिवस अमरावतीला चल, हवापालट होईल, असं सांगायला. आणि तिचे दोन्ही हात जोडायला उचललेले दिसले.

तसेच ते हात. तीच खुर्ची, आम्हीच तिघं, मधे तोच गडवा.

मी ते वाक्य सोडून दिलं. आसिफनं भूषणच्या मनगटावर हात ठेवला तसा भूषणही थांबला. मग मी विचारलं. शब्द मी शोधले नाहीत, मराठीची प्राध्यापक असूनही माझ्या आईच्या बोलीतच आले. "रंजना, तुले काय होऊन राहिलं वं?"

तिनं आधी माझ्याकडे असं पाहिलं, की ही काय विचारते आहे तेच तिला कळलेलं नाही. मग तिनं गडव्याकडे पाहिलं.

"तहान लागते," ती म्हणाली. "लय तहान लागते मले. तीन वर्सं मी त्यायच्यासमोर पाणी नाई पेली. स्वयंपाकघरात जायची, दार लोटायची, बांगड्या वर सारायची अन् घोट दाबून प्यायची. त्यायले समजे. म्हणत, पे ना इथंच. मले नाई जमलं." ती थांबली. "आता कोणी नाई समोर, तरी मले इथं उभं राहून पाणी जात नाई. गळ्यातच राहते. लोकं म्हणतात, रडून घे. रडणं नाई येत. तहान येते."

भूषणनं मान खाली घातली. तो ढसाढसा रडत होता, सर बंडू, ज्याच्याकडे प्रत्येक गोष्टीवर मामाचा काढा असतो. टेम्पोवाल्यानं बाहेरून हॉर्न दिला, तर आसिफ उठून त्याला परत पाठवून आला. मी गडवा उचलला आणि रंजनाच्या पुढ्यात ठेवला. "पे," मी म्हटलं.

तिनं तो दोन्ही हातांत धरला. ओठांपर्यंत नेला. आम्ही तिघंही श्वास रोखून बघत होतो, इतके की आता विचार करताना मला आमचाच राग येतो. मग तिनं मान हलवली, गडवा तसाच घेऊन उठली आणि स्वयंपाकघरात गेली. दार लोटलं गेलं.

टेबलाच्या मधलं भोक उघडं पडलं होतं. आम्ही त्याच्याभोवती बसून राहिलो, कान दाराकडे लावून. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. आवाज न करता पाणी प्यायची तिला सवय आहे.